आर्विडचं स्वच्छ तळघर

आल्डर लेक गावात हिवाळा लागला की पुरुष तळघरात उतरतात आणि बायका वरून हाका मारत बसतात. काही पुरुष जेवायला तरी वर येतात. आर्विड कोस्केला एकदा नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या टर्कीच्या सणाला खाली गेला तो वर आला तेव्हा तळ्यावरचा बर्फ वितळून बदकं पोहत होती, आणि येताक्षणी त्याने बायकोला विचारलं, "टर्की संपली का गं?" असं त्याचा मित्र नॉर्ब सालो सांगतो. नॉर्बचं निम्मं सोडून द्यायचं असतं. पण त्या बायकोला, एल्माला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, नॉर्बने जरा हात राखूनच सांगितलंय.

आर्विडची उभी हयात लोखंडाच्या खाणीत गेली. निवृत्त झाल्यावर त्याने तळघरात लाकूड गरगर फिरवून कातायचा लेथ आणून बसवला आणि कातारकामाच्या नादाला लागला. वाट्या, पेले, पेनं, मिरीच्या चक्क्या. मेपलच्या गाठी, अक्रोड, आणि त्याचं सगळ्यात लाडकं म्हणजे दूरदेशीचं लालबुंद कोकोबोलो. घरात वाट्या इतक्या झाल्या की एल्माला सूप कशात वाढायचं हा प्रश्न पडायचा, कारण आर्विडच्या वाटीत सूप वाढायचं नसतं. ती नुसती बघायची असते. पाहुण्याला वाटी दिल्याशिवाय आर्विड सोडत नसे. पोस्टमन तर दोन्ही हात खिशात खुपसूनच दारात यायचा.

गावात कातारी मंडळही होतं. महिन्यातून एका मंगळवारी लुथरन चर्चच्या तळघरात पंधरा-वीस म्हातारे जमायचे, एकमेकांच्या वाट्या उलट्या करून बुडं तपासायचे आणि कॉफी प्यायचे. मंडळाचा एक नियम होता: परतीची वाटी. दर बैठकीला एक वाटी सोडतीत निघायची. ज्याचं नाव निघेल त्याने ती घरी न्यायची आणि पुढच्या बैठकीला स्वतःच्या हातची एक आणून ठेवायची. ही साखळी मंडळ सुरू झाल्यापासून कधी तुटली नव्हती. नॉर्बने हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर छातीला उशी बांधून वाटी केली. गॉर्डी ट्रिगियरचा हात प्लास्टरमध्ये होता, त्याने एका हाताने केली. ती तिरकी झाली, पण आली. गावात बायकोला, बँकेला आणि देवाला दिलेला शब्द मोडलेले लोक होते. परतीची वाटी चुकवलेला कोणी नव्हता.

मंडळात दर वर्षी कोणीतरी धुळीवर भाषणही करायचं. लाकडाची बारीक पूड फुप्फुसात बसते. भेगा बुजवायचा तो झटक्यात चिकटणारा गोंद ओला असताना त्याची वाफ नाकाडोळ्यांत जाते. एकाला काही होत नाही आणि दुसऱ्याचं शरीर एकदा का बिथरलं की जन्मभर तसंच राहतं. सगळे गंभीरपणे माना डोलावायचे आणि केक खायला उठायचे. पण आर्विडने ते मनावर घेतलं. त्याने पंखा लावलेला टोप मागवला. चेहऱ्यावर काच, कानामागे पंखा, आत गाळलेली हवा. तो घातला की आर्विड चंद्रावर निघालेला दिसायचा आणि त्याला चंद्रावरून बोलावल्याइतकंच ऐकू यायचं.

त्याने आणखी एक शहाणपणा केला. तळघरात भट्टी होती, घरभर गरम हवा खेळवणारी. वरच्या खोल्यांतली गार झालेली हवा एका पत्र्याच्या नळीतून भट्टीकडे परत यायची. आर्विडने त्या नळीला, बरोबर लेथच्या मागे, ताटाएवढं भोक पाडलं. झालं! लेथवरची धूळ भुर्रकन त्या भोकात. मंडळाचे लोक मुद्दाम बघायला आले. नॉर्बने फळीवरून बोट फिरवलं आणि बोट स्वच्छ निघालं.

"आर्विड, तुझ्या तळघरात ऑपरेशन करता येईल रे!"

"धूळ राहतच नाही," आर्विड म्हणाला. "जाते."

कुठे जाते, हे कोणी विचारलं नाही. खाणीत काम केलेली माणसं. खाणीतली धूळ बाहेर काढली की ती बाहेर असते, दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात.

एल्मा चर्चच्या गायनवृंदात खालच्या पट्टीत गायची. त्या हिवाळ्यात, म्हणजे पाऱ्याने थर्मामीटरच्या तळाशी बूड टेकलं ते ईस्टरपर्यंत उचललंच नाही त्या हिवाळ्यात, तिचा लांब स्वर मध्येच तुटायला लागला. आधी वाटलं, वय. मग खोकला आला. मग रात्री उशीवर पडलं की छातीत कोणीतरी जुन्या पेटीचा भाता हलवल्यासारखा आवाज. गावातल्या डॉक्टरने छाती तपासली आणि विचारलं, "घरात मांजर आहे?"

मांजर होती. पुल्ला नावाची, पावासारखी फुगलेली. आर्विड म्हणाला, "मी केव्हापासून सांगतोय." पुल्लाला टोपलीत घालून नॉर्बकडे पोचवलं. एल्मा त्या दिवशी जेवली नाही. आर्विड मात्र तिच्यासाठी खाली जाऊन एक वाटी करून घेऊन आला.

मांजर गेली आणि खोकला राहिला. मग उशा बदलल्या. खिडकीतली फुलझाडं बाहेर काढली, ती एका तासात काचेसारखी तडकली. रोज सकाळी पियानोवर तांबूस धूळ बसायची. एल्मा रोज पुसायची आणि रस्त्याला शिव्या द्यायची. रस्ता तेव्हा कंबरभर बर्फाखाली होता हे तिच्या लक्षात यायला हवं होतं, असं ती पुढे म्हणायची. पण धापा टाकणाऱ्या माणसाला एवढं कुठलं सुचतं?

शेवटी जिल्ह्याच्या गावी छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तरुण होत्या, डॉ. बर्गस्ट्रॉम. त्यांनी एल्माला नळीत फुंकायला लावलं, कागदावरच्या रेघा बघितल्या आणि विचित्रच प्रश्न विचारला.

"तुम्ही नखं लावता का?"

"नखं? आहेत की मला."

"तशी नाही. खोटी. गोंदाने चिकटवायची. किंवा पापण्या?"

"बाई," एल्मा म्हणाली, "मी सत्तर पार केलेली लुथरन आहे."

डॉक्टरीणबाई हसल्या. "त्या गोंदाने बायकांना असा दमा होतो, म्हणून विचारलं. झटक्यात चिकटणारा असतो ना, तो. घरात कोणी वापरतं?"

"माझा नवरा. भेगा बुजवायला. पण तळघरात. मी खाली पाऊलसुद्धा टाकत नाही."

"आणि लाकूड?"

"लाकूड तर असणारच, कातारी आहे तो. पण मी सांगते ना, खाली."

"मिसेस कोस्केला, तुम्ही जात नसाल. हवा वर येते ना?"

घरी आल्यावर एल्माने कोटही काढला नाही. पियानोशेजारी जमिनीत गरम हवेची जाळी होती. तिने गुडघे टेकून ती उचलली. आत दालचिनीच्या पुडीसारखा लाल थर, बोटभर जाड. क्षणभर तिला वाटलंही, आपल्याच हातून कधीतरी दालचिनी सांडली असेल. मग ती उठली, बैठकीतली जाळी उचलली, मग झोपायच्या खोलीतली, तिच्या बाजूच्या उशाजवळची. सगळीकडे कोकोबोलो. ती महिनोन्‌महिने आर्विडच्या वाट्या श्वासातून आत घेत होती.

आर्विड जेवायला वर आला. टोप काढल्यामुळे केस घामाने चिकटले होते.

"हे काय आहे?" एल्माने तळहात पुढे केला.

"कुठून काढलंस?"

"तुझी धूळ जाते ना, ती कुठे जाते ते दाखवते. बस."

आर्विडने पूड चिमटीत धरून वास घेतला. वास ओळखीचा होता. तो खुर्चीत बसला. "एल्मा, खाणीत मी उभं आयुष्य धूळ खाल्ली. दगडाची. मला काय झालं? आणि ही तर लाकडाची आहे."

"तुझ्या डोक्यावर टोप आहे, आर्विड."

आर्विड तसा वाईट माणूस नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्याने भोकावर पत्रा ठोकला, नळ्या साफ करणाऱ्या माणसाला बोलावलं, लेथवर चादर टाकली आणि एप्रन खिळ्याला अडकवून टाकला. "बंद," तो म्हणाला. "तू बरी होईपर्यंत बंद."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता कायमचं जपायला हवं. शरीराने वैर धरलं की चिमूटभरही चालत नाही."

"मग कायमचं बंद," आर्विड म्हणाला. हे वाक्य मोठ्या कष्टाने निघालं, पण निघालं.

एल्माला आराम पडायला लागला. श्वासाचा पंप तोंडात मारावा लागायचा, पण कमी. गायनवृंदात ती परत उभी राहिली. आर्विड मात्र खिडकीशी बसून अंगणातल्या मेपलकडे असा बघायचा की झाडालाच अवघडल्यासारखं व्हावं. एल्मालाच कीव आली. "बैठकीला तरी जा," ती म्हणाली. "कॉफी पी, माणसं बघ."

तो गेला. आणि परत आला तो तान्हं मूल धरावं तशी दोन्ही हातांत एक वाटी धरून.

"कोणाची?" एल्माने विचारलं.

"नॉर्बची. चेरीची आहे. कड किती पातळ ठेवलीय बघ."

"सोडतीत नाव घातलंस?"

"सगळ्यांचीच नावं असतात गं डब्यात."

"काढायला सांगायचं होतंस."

"ते बरं दिसलं नसतं," आर्विड म्हणाला. मग घाईघाईने, "नॉर्बच्या गॅरेजात करीन. बोलणं झालंय."

पण नॉर्बच्या गॅरेजात भट्टी नव्हती. तिथे म्हणे नॉर्बला एकदा शिंक आली तर ती खाली पडून फुटली. शिवाय दुसऱ्याच्या लेथवर हात बसत नाही, हे कुठलाही कातारी सांगेल. आर्विडने सांगितलं नाही एवढंच.

एका शनिवारी एल्मा गायनाच्या सरावाला गेली. चर्चमधला पाण्याचा नळ गोठून फुटला होता, म्हणून सगळ्यांना लवकर घरी पाठवलं. तिने स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि डोळ्यांत काहीतरी बोचलं. तो वास तिला आता झोपेतही ओळखू आला असता. गाठीचं लाकूड कातताना तडकलं असणार, आणि भेग बुजवायला गोंद आलाच.

"आर्विड!"

खालून फक्त लेथची घरघर.

तिने पंप शोधला. तो दुसऱ्या कोटात होता, आणि तो कोट जिन्यावर. दोन पावलं टाकली आणि छाती मुठीत धरल्यासारखी आवळली. ती जमिनीवर बसली. हाक मारायला हवा नव्हती. तिने ओट्याखालचा बिडाचा तवा ओढला आणि जमिनीवर ठोकला. पुन्हा ठोकला. खाली आर्विडच्या डोक्याच्या बरोबर वर ठोकत होती ती. आर्विड पुढे म्हणाला की त्याला वाटलं, छपरावरचा बर्फ घसरतोय.

फोन भिंतीवरून तिनेच ओढून काढला. अँब्युलन्सच्या नंबरावर पलीकडच्या मुलीला नुसतीच श्वासाची शिट्टी ऐकू आली. पण आल्डर लेकमध्ये नंबरावरून घर कळतं. "एल्माकाकू? तुम्हीच का? बोलू नका. निघालेच ते."

अँब्युलन्सची पोरं आली, तिच्या तोंडाला मुखवटा लावला, एक जण खाली धावला आणि त्याने आर्विडच्या खांद्यावर हात ठेवला. आर्विडने दचकून लेथ थांबवला, काच वर केली, पोराच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाला, "अरे, बर्फाचे बूट घालून घरात आलास? एल्मा ओरडेल."

हॉस्पिटलात तो दिवसरात्र तिच्या उशाशी होता. पाणी द्यायचा, पाय चेपायचा, रडलाही. मी असं करायला नको होतं, मी तसं करायला नको होतं. एल्मा नाकात नळ्या घालून ऐकत होती आणि तिला वाटत होतं, चला, माणूस एकदाचा जागा झाला. मग एका संध्याकाळी तिला डुलका लागला आणि जाग आली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

"साहेब चर्चला गेलेत," नर्स म्हणाली. "तुमच्यासाठी प्रार्थना असेल. किती प्रेमळ हो!"

एल्माने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मंगळवार होता.

आर्विड परतला तेव्हा गाल थंडीने लाल आणि चेहरा उजळलेला. "सगळ्यांनी तुझी चौकशी केली," तो म्हणाला. "दोन मिनिटं शांत उभे राहिले तुझ्यासाठी."

"आणि वाटी?"

"गॉर्डीला लागली." त्याला राहवलं नाही. "भेग कुठे होती ते कोणालाच ओळखता आलं नाही, एल्मा. नॉर्बने भिंग लावून बघितलं."

एल्माने डोळे मिटून घेतले. आर्विडला वाटलं, औषधाची गुंगी.

घरी सोडायच्या दिवशी एल्माची धाकटी बहीण सायमा डुलुथ शहरातून गाडी घेऊन आली आणि तिला परस्पर आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली. आर्विडने विरोध केला नाही. तो म्हणाला, "थोडे दिवस बदल होईल तुला."

गावाने मात्र तोंडात बोट घातलं. या वयात नवऱ्याला टाकून बहिणीकडे! आणि तो बिचारा एकटा. आर्विडच्या पायरीवर टूना आणि नूडल्सच्या भाजलेल्या पराती यायला लागल्या, इतक्या की शेवटी दाराला पोचायला फावडं लागायचं. ज्या बायका एल्माच्या खोकल्याच्या वेळी फिरकल्या नव्हत्या त्या आता त्याचा फ्रीज भरत होत्या. नॉर्बने डुलुथला फोन केला.

"एल्मा, म्हातारा वाळत चाललाय. माझ्यासमोर सहा पातेली संपवली त्याने, पण चवीने नाही खाल्ली."

"नॉर्ब, माझी मांजर परत दे."

"मांजर? अगं, तिला आता इथली सवय झालीय."

"मग मला इथली होईल," एल्मा म्हणाली आणि फोन ठेवला.

तळ्यावरून बर्फाचा नाही, पाण्याचा वास येणारा वारा सुटला तेव्हा आर्विड डुलुथला आला. नवा शर्ट, अजून घड्या दिसत असलेला. सौनाच्या वाफेत तासभर काढून आला होता, कातडी घासून घासून मुळ्यासारखी गुलाबी झालेली. दारातच म्हणाला, "विकला."

"काय?"

"लेथ. विकून टाकला, एल्मा. तळघर धुतलं. चल घरी."

सायमा स्वयंपाकघरात गेली आणि तिने भांडी वाजवायला सुरुवात केली, म्हणजे ऐकत नाहीये असं वाटावं. एल्मा उठली. इतक्या दिवसांचा राग तिने नीट घडी करून ठेवला होता, तो कुठे ठेवला तेच तिला क्षणभर आठवेना. तिने त्याच्या गळ्यात हात टाकले आणि कपाळ खांद्यावर टेकलं.

आणि छाती आवळली.

ती मागे सरली. खिशातला पंप काढून ओढला, एकदा, पुन्हा. भिंतीला टेकून उभी राहिली. आर्विड हात तसेच पसरून उभा होता.

"सायमाचं सेंट असेल," तो म्हणाला.

"मी सेंट लावत नाही!" आतून सायमा.

"कोणतं लाकूड, आर्विड?" एल्माने विचारलं.

"कसलं लाकूड?"

"मला विचारू नकोस. मला माहीत आहे. तू सांग."

आर्विड खुर्चीत बसला. नखं बघू लागला. नखांच्या कडेला लाल रेघ होती, सौनातही न गेलेली. "कोकोबोलो," तो म्हणाला. "पण घरी नाही, शपथ. नॉर्बच्या गॅरेजात. त्याने भट्टी बसवून घेतलीय. लेथ त्यालाच विकला, एका डॉलरला. म्हणजे मी खोटं नाही बोललो."

"रोज जातोस?"

"मग काय करू दिवसभर?" त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "खाणीतून मी डोंगरच्या डोंगर काढले, एल्मा. कोणी एक ढेकूळ हातात घेऊन छान म्हणालं नाही. वाटी हातात घेतात. उलटी करतात. बूड बघतात."

"मी म्हणायचे छान."

"तू सगळ्यालाच छान म्हणायचीस."

एल्माला वाटलं, खरं आहे. म्हणायचे. तवा ठोकत होते त्या दिवसापर्यंत म्हणत होते.

"बाहेर जाऊन उभा राहा," ती म्हणाली. "इथे बोललास तर मला पुन्हा पंप लागेल."

तो खाली गेला आणि तिच्या खिडकीखाली फुटपाथवर, टोपी हातात घेऊन उभा राहिला. एल्माने खिडकी बोटभर उघडली. येणारे-जाणारे वर बघायचे, खाली बघायचे. कोणी म्हातारा म्हातारीला गाणं म्हणायला आलाय असं त्यांना वाटलं असेल.

"माझे उन्हाळ्याचे कपडे लागतील," ती म्हणाली. "सगळे. पेटीत नको घालूस. आधी धू. दोनदा धू. बाहेर दोरीवर वाळव, तळघरात नाही. मग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सायमाच्या हातात दे. वर येऊ नकोस."

"म्हणजे तू उन्हाळाभर नाही येणार?"

"उन्हाळ्यानंतर हिवाळ्याचे सांगेन."

आर्विडने मान हलवली. वळला, गाडीपर्यंत गेला, चावी लावली. मग परत खिडकीखाली आला.

"एल्मा, साबणाची पूड कुठे असते?"

"तळघराच्या जिन्यावर. पहिल्या पायरीशी, डाव्या हाताला फळी आहे. रोज खांदा घासून जायचास तू तिला."

"ते होय? मला वाटलं तो चुना आहे." तो टोपी फिरवत राहिला. "आणि एका वेळेला किती घालायची?"

"डब्यात चमचा आहे," एल्माने फटीतून सांगितलं. "एक. सपाट. शीग लावू नकोस."